नाव पुढच्या खेपेला

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

सकाळी ११ वाजून २० मिनिटे. वेळ बिनचूक आहे. घड्याळ त्या माणसाच्या डोक्यामागच्या भिंतीवरच होतं.

मुरबाडच्या एका कॉलेजातलं प्रदर्शन. ‘आपल्या परिसरातील दगड ओळखा.’ घरचा दगड आणा, तज्ज्ञ नाव सांगतील, असं पत्रकात छापलेलं. मी शहापूरहून दोन एस.टी. बदलून गेले. दगड लोकरीच्या टोपीत गुंडाळून, टोपी पिशवीत, पिशवी मांडीवर.

तज्ज्ञ म्हणजे पस्तिशीचा प्राध्यापक. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी हातोडी. दगड खिडकीकडे धरला. अर्धं मिनिट, जास्त नाही.

“काच आहे, आजी. भट्टीत बाटल्या वितळवतात ना, त्यातला गोळा.”

मी म्हटलं, मी तुमची आजी नाही, आणि हा विहिरीतून निघाला आहे.

“विहिरीत लोक काय काय टाकतात,” म्हणाला, आणि ठक्. विचारलं नाही. नखाएवढा तुकडा उडून टेबलांखाली गेला. रांगेतल्या मुली हसल्या. मी गुडघ्यांवर बसून शोधला, मिळाला नाही. “सापडला की ठेवतो हं.” मागे रांग होती.

चाळीस वर्षं मी त्या दगडाला ओरखडा येऊ दिला नव्हता.

४ फेब्रु.

प्राचार्यांना पत्र. रजिस्टर पोस्टाने. तीन मागण्या. एक, तुकडा परत. दोन, परवानगीशिवाय हातोडी चालवल्याबद्दल लेखी दिलगिरी. तीन, दगडाचं नाव, कारणांसहित. ‘काच’ हे नाव नव्हे. मुदत १७ फेब्रु., सायं. ५.

सुमन पोळ्या लाटताना ऐकत होती. सुमन म्हणजे शेजारीण आणि स्वयंपाकीण, दोन्हींपैकी काय जास्त ते मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

“बाय, दगडासाठी पत्र लिवताव? मानसासाठी तं कदी लिवलं नाय तुमी.”

पोळी करपत्ये म्हटलं. करपत नव्हती.

६ फेब्रु.

काच की नाही, एवढं तरी घरी कळायला हवं. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, आदिवासी पाड्यावरच्या शाळेपासून धसईच्या हायस्कुलापर्यंत. हातोडी न घेता.

भाजी चिरायची सुरी. आधी सरबताच्या हिरव्या बाटलीवर घासली. काही नाही, सुरी घसरली. मग दगडाच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, डोळे अर्धे मिटून. बारीक पांढरी रेघ उमटली. पुसून पाहिली, गेली नाही.

म्हणजे बाटलीपेक्षा मऊ. म्हणजे बाटली नाही.

पाच मिनिटं फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की ओरखडा मीच काढला.

९ फेब्रु.

वहीत लिहून टाकावं, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

१९८६. डोळखांबच्या पलीकडे टेपाचा पाडा, चौथीपर्यंतची शाळा, मी पंचविशीची. कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी रानात कशाला जाते, असं सगळे म्हणत होते म्हणून गेले. पाड्याला विहीर मंजूर झाली. पाण्याच्या खात्यातून भूवैज्ञानिक आला, जागा दाखवायला. विनायक. या वहीत वि.

दर पंधरा-वीस दिवसांनी खेप. सुरुंग लावून खडक फोडत होते. तीस फुटांवर खडकात पोकळी लागली. वि. शाळेत आला, “बाई, आरसा आहे का?” मी म्हटलं, शिक्षिकेकडे पुस्तकं असतात. होता अर्थात, पिशवीत, तळहाताएवढा. त्याने काठावर उभं राहून आरशाने ऊन पकडलं आणि विहिरीत सोडलं. खाली अंधारात उन्हाचा तुकडा फिरत फिरत एका जागी थांबला. हिरवं. इतकं हिरवं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काळ्या खडकाच्या पोटात.

दोराने खाली उतरून काढून आणला. लिंबाएवढा. ओला होता तसाच माझ्या हातात दिला.

नाव काय याचं?

“पुस्तकात बघून पक्कं करतो. नाव पुढच्या खेपेला सांगतो. अक्षय्य तृतीयेच्या आत येतो.”

लेखी द्या, म्हटलं. थट्टेने.

“देतो की.”

आरसाही त्याच्याच खिशात गेला.

१० फेब्रु.

कालचं अर्धवट राहिलं.

मे महिना, शाळा बंद. घरी गेले नाही. आईला लिहिलं, मतदार याद्यांचं काम आहे. खोटं. पाड्याच्या रस्त्यावर जीपची धूळ दिसते का बघायचं काम होतं. अक्षय्य तृतीया आली. मी ठेवणीतलं पातळ नेसले. संध्याकाळ झाली.

कॉन्व्हेंटात सिस्टर उशिरा येणाऱ्या मुलीला वर्गाच्या दाराबाहेर उभं करत. दहा वर्षांत मी एकदाही उभी राहिले नाही. दुसऱ्याला मुदत वाढवून द्यायची सवय मला कोणी लावलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज टाकला. मुरबाडकडे, धसईला जागा रिकामी होती. महिन्यात हुकूम आला. ७ जूनला ट्रंक घेऊन निघाले.

तिथे परत गेले नाही. धसईहून तो पाडा काही काशी नव्हे, दीड-दोन तासांची वाट. चाळीस वर्षांत नाही.

१४ फेब्रु.

उद्या महाशिवरात्र. सुमन देवांची भांडी घासायला बसली. चिंचेचा कोळ, राख. सगळी लखलखीत करून हात पुढे केला.

“तुमचा दगूड आना. त्यालाबी चिंच लावते.”

दगडाला कशाला?

“आता कशाला बोलताव? दर दसऱ्याला लावताव. मीच कोळ करून देते.”

खरं आहे. दर दसऱ्याला. तांब्याचा गडू, निरांजन, घंटा आणि दगड. तेज जाऊ नये म्हणून. चाळीस दसरे.

भिंग घेऊन उन्हात बसले. वरची बाजू धुरकट, बाटली समुद्राच्या वाळूत घासल्यासारखी. खालची, जिथे टोपी लागते आणि माझा हात कधी पोचत नाही, ती अजून स्वच्छ. तिच्यावर मोत्याच्या शिंपल्यासारखी झाक. आंबट पदार्थाने असे दगड खराब होतात हे मी सहावीला शिकवत होते. संगमरवरावर लिंबू पिळू नका. वही काढा, लिहून घ्या.

त्या हातोडीवाल्याने धुरकट बाजू पाहिली. काच म्हणाला.

सुमनला हे सांगितलं नाही. पत्रही मागे घेतलेलं नाही. हातोडी हातोडीच.

१७ फेब्रु.

सायं. ५. उत्तर नाही. ५.३० पर्यंत पोस्टमनची वाट पाहिली, ही माझ्या हिशेबाने अर्ध्या तासाची सवलत.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणायला सुमनच्या भावाला सांगितलं.

१८ फेब्रु.

सकाळी ९.४० ला दार वाजलं. हातोडीवाला. हातोडीशिवाय.

मी दार अर्धंच उघडलं. मुदत काल संपली, म्हटलं.

“हो मॅडम. प्राचार्य बाहेरगावी होते, सही झाली रात्री. पोस्टात टाकलं असतं तर अजून चार दिवस गेले असते. म्हणून मीच आलो.”

उशीर झाला तरी माणूस येतो, हे पाहून मला राग यावा की काय, ते ठरेना. सुमन मागून म्हणाली, “आत घ्या तरी, उन्हात उभा केलाय चोरासारखा.” आत घेतला.

नाव जाधव. पत्र दिलं. दिलगिरी मराठीत चार ओळी, शुद्धलेखनाच्या दोन चुका, सही खरी. मग खिशातून काड्यापेटी काढली. आत कापूस, कापसात तुकडा. टेबलांखाली रात्री झाडू मारणाऱ्या मावशींना मिळाला म्हणाला.

“मॅडम, काच नाही. मी चुकलो.”

तुकडा भिंगाखाली धरून दाखवला. काच फुटली तर शिंपल्यासारखी वाकडी फुटते. हा सरळ सपाट सुटला आहे, पानासारखा, एका थरावर. “मी ठोकलं तेव्हाच बघायला हवं होतं. रांग होती. वरून दगड असा धुरकट का आहे तेच कळत नाही.”

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी चहात साखर घातली. मी साखर घेत नाही.

काय आहे मग?

“दोन नावं मनात आहेत. हा दगड कुठे सापडला ते कळलं, तिथली पोकळी बघितली, की पक्कं सांगतो नंतर...”

“नाव नंतर सांगतो असं मला सांगू नका.” आवाज चढला माझा. कप हिंदकळला. बिचारा घाबरला.

दोन्ही नावं त्याने कागदावर लिहून दिली. अपोफिलाईट, नाहीतर प्रेहनाईट. पहिल्यावर त्याचा भर. तुकडा तापवला की पापुद्रे सुटतात, मग खात्री होईल. करू का?

नाही. यातलं आता काही जाळायचं नाही.

“मग जागा, मॅडम. कुठली विहीर?”

लक्षात नाही म्हटलं.

१९ फेब्रु.

काल खोटं बोलले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, परक्या माणसाशी.

कागद देवघरात ठेवला आहे. दोन्ही नावं मोठ्याने म्हणून पाहिली. पहिलं, दुसरं. कोणतंच बसेना. वि.च्या तोंडून ते कसं आलं असतं ते ऐकू येत नाही. आवाज विसरले आहे. बोटांची आठवण आहे, आरसा धरलेली. आवाज नाही. हे आज कळलं.

२५ फेब्रु.

सुमन बाजारातून आली. भाजीवाल्यांत टेपाच्या पाड्याची एक बाई बसते, वाल आणि कंदमुळं घेऊन. गंगूबाई.

“मी बोलले, आमच्या बाय तिकडं शाळेवर व्हत्या. तं ती उठून उबीच राह्यली. बोलली, केसांच्या दोन येण्या घालायच्या नि मारायच्या नाय पन बोलायच्या लय, त्याच का?”

गंगी. दुसऱ्या बाकावर. सातचा पाढा.

विहीर आहे म्हणते. पाणी अजून तिथलंच पितात. मार्चमध्ये पाणी खाली जातं.

जायचं नाही.

१ मार्च

जायचं नाही असं ठरवलं, तर एस.टी.चं वेळापत्रक पाठ कसं झालं?

भीती कसली ते लिहून ठेवते, म्हणजे तिची लाज वाटेल. विहीर बुजलेली असेल असं वाटत नाही. तिथे जाऊन सगळं साधं निघेल, असं वाटतं. एक सरकारी माणूस, एक विहीर, एक दगड. बाकीचं एका पंचविशीच्या मुलीने रिकाम्या मे महिन्यात रचलेलं.

५ मार्च, गुरुवार

गेले.

सकाळची डोळखांब एस.टी. पुढे जीप, मग पाऊण तास पायी. सुमन बरोबर, न विचारता. डावा गुडघा बोलत होता. मी ऐकलं नाही. शिमगा कालच झालेला, पाड्यावर होळीची राख अजून तशीच, पोरांच्या कानांत रंग. शाळेला आता पत्रे आहेत.

गंगी अंगणात. केस माझ्याहून पांढरे. पाया पडली, मग हात धरून ठेवला.

“बाय, तुमी वाळल्याव.”

तू सातचा पाढा म्हण, म्हटलं. हसली. “सात सकं बेचाळीस. तिथवर येतं अजून.”

विहिरीवर गेलो. कठड्याला चुना, नुकताच. पाणी खोल. काही दिसेना, नुसता गार वास. गंगीने नातीला हाक मारली, ती घरातून आरसा घेऊन आली. मी सांगितलं नव्हतं. इथे आता असंच करतात, घागर पडली, कळशी पडली, की आरशाने ऊन सोडायचं. “तुमच्या वख्ताच्या सायबानं शिकवलेलं,” गंगी म्हणाली.

आरसा मी घेतला. खाली उन्हाचा तुकडा फिरू लागला. काळं, काळं, शेवाळ, काळं. मग थांबला.

हिरवं.

चिंच न लागलेलं. पाण्याच्या वर हातभर, खडकाच्या फटीत, गंगीची मूठ भरेल एवढं. चौकोनी चौकोनी टोकं. माझा दगड असा होता. मी विसरलेच होते की तो असा होता.

सुमनने पिशवी खाली ठेवली आणि कठड्यावरून वाकून पाहिलं.

मग गंगी म्हणाली, “आनी नंबर बघितलाव का?”

कसला नंबर?

कठड्याच्या मागच्या बाजूला नेलं, पाड्याकडे पाठ असते तिथे. सिमेंटमध्ये कोरलेली अक्षरं, त्यांत गेरू भरलेला. “सरकारचा नंबर हाये. पुसला तं विहीर परत नेतील, म्हनून म्हातारे बोलायचे. दर साली गाळ काढला का आमी गेरू भरताव. नारळ फोडताव. नातीनं इंग्रजी वाचलं, पन अर्थ नाय लागला तिला.”

इंग्रजी मोठी अक्षरं. अपोफिलाईट. खाली तारीख, ११-६-८६. त्याखाली मराठीत दोन शब्द. बाईंना लेखी.

मी आधी काय म्हटलं असेल? म्हटलं, अक्षर काय हे. एक ओळ चढत गेलेली, एक उतरत गेलेली, अर्धी अक्षरं उलट्या वळणाची. शिकल्यासवरल्या माणसाचं असं अक्षर.

“हात मोडलेला ना त्याचा,” गंगी म्हणाली. “उजवा, गळ्यात बांधलेला. डाव्यानं लिवलं, खिळ्यानं. गवंडी तवा कठडा बांदत व्हते, सिमिट ओला व्हता. आमी पोरी हसलो, सायबाला लिवता येत नाय म्हनून.”

मी कठड्यावर बसले.

६ मार्च

काल पुढचं लिहिता आलं नाही.

गंगीने सांगितलं ते तिच्या शब्दांत. जवळजवळ.

“जीप नाय, चालत आला. पाय धुळीनं भरलेलं. आदी शाळंवर गेला, शाळंला कुलूप. मंग आमच्या दारात. आयला बोलला, बाई कुठं? आय बोलली, बदली झाली. बोलला, कोनी केली? आय बोलली, सवता मागून घेतली. मंग पानी मागितलं. आय बोलली भाकर खा, नाय खाल्ली. विहिरीवर गेला.”

त्याने माझा पत्ता विचारला का?

गंगीने विचार केला. तिला खोटं सांगता आलं असतं. “नाय बाय. सवता मागून घेतली बोलल्यावर कशाला इचारंल?”

७ जूनला गेले मी. ११ ला तो आला. चार दिवस.

हात का मोडला, कधी मोडला, अक्षय्य तृतीयेच्या आधी की नंतर, गंगीला माहीत नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

तिने निघताना दिलेले वाल सुमनने सोलले. मी नुसती बघत बसले.

७ मार्च

जाधव सरांना फोन. विहीर आठवली, म्हटलं. नाव पहिलंच. पोकळीतले स्फटिक चौकोनी, टोकं तशीच. पुरावा काय म्हणाले. लेखी आहे म्हटलं.

जायचं आहे म्हणतात, मुलांना घेऊन. आधी अट घातली. हातोडी घरी. विहिरीतलं कोणी काही काढायचं नाही. लोक तिथलं पाणी पितात आणि नारळ फोडतात.

“आणि मॅडम, तो धुरकटपणा कशाने?”

चिंचेने. दर दसऱ्याला, माझ्या हाताने. सांगून टाकलं. ते हसले नाहीत. “चांगलं केलंत सांगितलंत, मी उगाच कारणं शोधत होतो.”

११ मार्च

माहितीच्या अधिकाराचा अर्ज सुमनच्या भावाने आणून दिला. कोरा परत केला.

जाधव सरांचे एक गुरुजी त्याच खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडून पत्ता मिळाला. वि. संगमनेरला असतो. असतो. हा शब्द मी फोनवर दोनदा म्हणवून घेतला.

घरी कोण कोण, ते विचारलं नाही. जाधव सर सांगायला लागले होते, बहुतेक. मी म्हटलं, पिनकोड सांगा.

१५ मार्च

पाच कच्चे मसुदे. सगळे फाडले.

पहिला फार लांब. दुसऱ्यात रडले आहे असं वाटतं. तिसरा शिक्षणाधिकाऱ्यांना लिहिल्यासारखा. चौथ्यात दगडाबद्दल एक शब्द नाही. पाचवा सुमनला वाचून दाखवला.

“बाय, यात तुमी त्याला रागे भरताव का बोलावताव?”

दोन्ही नाही, म्हटलं.

“मंग पोस्टकार्ड टाका. तेवडंच हाय.”

१९ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला, सुमनलाही खायला लावला, तिने तोंड वाकडं केलं. मग बसले आणि एका बैठकीत लिहिलं. तिसऱ्या मसुद्यासारखंच झालं. मला तसंच लिहिता येतं. नक्कल इथे ठेवते.

श्री. विनायक यांस,

१) आपण १९८६ साली टेपाचा पाडा येथील विहिरीतून काढून दिलेल्या हिरव्या दगडाचे नाव पुढील खेपेस सांगण्याचे कबूल केले होते. सदर नाव आपण ११ जून १९८६ रोजी लेखी दिल्याचे मला ५ मार्च २०२६ रोजी प्रत्यक्ष पाहून समजले. पोच उशिरा देत आहे. उशीर सर्वस्वी माझा.

२) दगड माझ्याकडे आहे. एक बाजू माझ्या चुकीने धुरकट झाली आहे, एक कोपरा दुसऱ्याच्या चुकीने गेला होता, तो परत मिळाला आहे. उरलेला चांगला आहे.

३) आपला हात केव्हा व कशाने मोडला, तो नीट बसला काय, ते कळवावे.

४) त्या खेपेस नावाखेरीज आणखी काही सांगावयाचे होते काय? असल्यास काय? नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. दोन्ही उत्तरे मला चालतील, हे खोटे आहे, तरी लिहावे.

५) माझा तळहाताएवढा आरसा आपल्याकडे राहिला आहे.

वरील मुद्द्यांचे उत्तर लेखी, स्वतःच्या हस्ताक्षरात, कोणत्याही हाताने, अक्षय्य तृतीया, रविवार दि. १९ एप्रिल २०२६ रोजी सायं. ५ वाजेपर्यंत खालील पत्त्यावर पोचावे.

इथवर पत्र. त्याखाली सवयीने लिहिलं होतं, ‘मुदतीनंतर आलेल्या उत्तराचा विचार केला जाणार नाही.’ ते खोडलं. नीट, दोन रेघा मारून, खाली सही करून, जसं सरकारी कागदावर खोडतात.

तारीख राहू दिली आहे.